नेटवरचा टीव्ही: मोफत महिन्यात कोकणातल्या घराने काय काय तपासावं

'डिश काढून टाका, सगळं नेटवर बघा' असं सांगत फायबरवाले आता दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाड्यावाड्यांत पोहोचलेत. जोडीला 'आधी फुकट वापरून बघा, मग ठरवा' हेही असतं. हा मोफतचा काळ बहुतेक घरांत चॅनेल मोजण्यात आणि राहिलेल्या मालिका बघण्यात जातो. खरं तर चॅनेलची यादी कंपनीच्या साइटवर मिळते, तिच्यासाठी जोडणी घ्यायची गरजच नाही. यादीत जे सापडत नाही ते या दिवसांत बघायचं असतं. रात्री नऊला चित्र टिकतं का? लाईट जाऊन आल्यावर बॉक्स आपोआप सुरू होतो का? चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे वायफाय पोहोचतं का? आणि घरात एकट्या असलेल्या आजीला कुणाला फोन न करता सह्याद्री किंवा स्टार प्रवाह लावता येतं का? या सेवांबद्दलचं आमचं मत याच कसोट्यांवर बेतलेलं आहे.

एकाच नावाखाली तीन गोष्टी

'नेटवरचा टीव्ही' या नावाने तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पहिली म्हणजे इंटरनेट कंपनीचा स्वतःचा आयपीटीव्ही. यात चॅनेल कंपनीच्या आतल्या जाळ्यातून थेट तुमच्या बॉक्सपर्यंत येतात. जाळं नीट उभारलेलं असेल तर एका चॅनेलचा एकच प्रवाह गावापर्यंत येतो आणि जी घरं तो बघताहेत त्यांच्याकडे तिथून फुटतो. याला मल्टिकास्ट म्हणतात. गावातल्या शंभर घरांनी एकच सामना लावला तरी वाटेवरचा भार शंभरपट होत नाही, तो यामुळे. दुसरी वस्तू म्हणजे अ‍ॅप. जिओहॉटस्टार, झी५, सोनीलिव्ह ही सगळी त्यातली. इथे प्रत्येक घराला वेगळा प्रवाह जातो. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, बहुतेकदा सहा सेकंदांचे. टीव्ही असे दोन-तीन तुकडे आधी साठवतो आणि मग दाखवायला लागतो. तिसरी वस्तू व्हॉट्सअ‍ॅपवर '२४ तास फ्री ट्रायल' म्हणून येते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पंचाईत अशी की काही कंपन्या अ‍ॅपलाच आयपीटीव्ही म्हणून विकतात. ओळखायचं कसं? बातम्यांच्या ज्या चॅनेलवर कोपऱ्यात घड्याळ असतं तो लावा आणि शेजारी मोबाइल धरा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे ती बरोबर असते. मोबाइलवर मिनिट बदललं की सेकंद मोजायला लागा आणि पडद्यावरचं मिनिट बदलेपर्यंत मोजत राहा. हाच प्रयोग शेजारच्या डिशवर त्याच चॅनेलसाठी करा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर तुमचा बॉक्स खरा आयपीटीव्ही आहे. तुमचं चित्र डिशच्या वीस-तीस सेकंद मागे असेल तर ते अ‍ॅप आहे, पेटी कितीही देखणी असो. मालिकेला या उशिराने काही बिघडत नाही. क्रिकेटला बिघडतं, कारण विकेट पडल्याचा आरडाओरडा खालच्या वाडीतून आधी ऐकू येतो आणि तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो.

वायर, जोड आणि उजेडाचा आकडा

फायबरची जोडणी होत असताना माणूस काम आटोपून निघायच्या आत एक गोष्ट मागून घ्या: ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे वायरीतून येणाऱ्या उजेडाच्या जोराचा आकडा. त्याच्याकडे छोटं मीटर असतं. हिरव्या डोक्याचा कनेक्टर तो त्या मीटरला लावतो आणि आकडा उणे चिन्हाने दिसतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएममध्ये (हे उजेड मोजायचं माप) असेल तर चांगलं. उणे २५ च्या पुढे गेला की काठावर. उणे २७-२८ च्या आसपास भिंतीवरचं यंत्र, म्हणजे फायबर जिथे येतं तो वायफायचा डबा, हात टेकतं आणि त्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल व्हायला लागतो. हा आकडा पहिल्या दिवशी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. नंतर तो यंत्राच्या सेटिंगच्या पानावरही वाचता येतो, कुठे दिसतो ते त्याच माणसाकडून बघून घ्या.

दोन दिवस चांगला पाऊस लागला की पुन्हा बघा. तीन डीबीचा फरक म्हणजे उजेड अर्ध्यावर आला. काचेच्या तंतूवर पावसाचा परिणाम होत नाही, मग उजेड गेला कुठे? बहुतेकदा खांबावरच्या जोडाच्या डबीत पाणी शिरलेलं असतं. डबीचं तोंड खाली असायला हवं, ते घाईत आडवं बांधलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे वायरीला बसलेलं वळण. खिळ्याला गुंडाळून घट्ट ओढलेली वायर दिसायला नीटनेटकी असते, पण आतला उजेड त्या वळणावर बाहेर पडतो. उरलेल्या वायरीचं वेटोळं पेल्याच्या तोंडाएवढं तरी मोठं ठेवायला सांगा.

वायर घरात शिरते तिथे भोकाच्या खाली तिला एक झोळ हवा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकतं. आणि वायरीबरोबर आधाराला पोलादी तार असेल तर ती पडवीबाहेरच्या हुकाशी तोडून घ्या. फायबरमधून वीज येत नाही, पण ही तार यंत्राजवळ आणून ठेवली तर वीज पडल्यावर झटका घरात येऊ शकतो. मिरगाच्या आधीच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात यंत्राचा अ‍ॅडाप्टर आणि टीव्हीचा प्लग काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

वायर कुठल्या झाडांवरून आली हेही चालत जाऊन बघा. माडाखालून आलेली वायर झावळ पडली की तुटते. आंब्या-फणसावरून ताणलेली वायर माकडांच्या झोक्याला मिळते. हे होणारच, म्हणून तुटल्यावर जोडायला कोण येणार हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टोल-फ्री नंबरवर बोलणारा माणूस येत नाही, तालुक्याचा लाइनमन येतो. मोफत काळात एक खरी, छोटी तक्रार नोंदवा. उजेडाचा आकडा घसरला, जोड तपासा, एवढी पुरे. किती तासांत माणूस येतो, येताना स्प्लायसिंगचं (तुटलेला तंतू वितळवून जोडायचं) मशीन आणतो की नुसता कनेक्टर बदलून जातो, यावरून पुढच्या जुलै-ऑगस्टात आपली काय गत होणार ते कळतं. स्प्लायसिंग मशीन तालुक्यात एकच असेल तर वादळानंतर तुमचा नंबर केव्हा लागेल याचा अंदाज करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी लाईट आणि फोनवाचून काय दिवस काढले ते इकडे कुणी विसरलेलं नाही.

डिशशी तुलना करायची तर ती अशी. डिशचा सिग्नल उपग्रहावरून केयू बँड नावाच्या लहरींवर येतो, त्याला जोराचा पाऊस अडवतो. जुलैतली दाट सर आली की डिश दहा-पंधरा मिनिटं जाते आणि सर ओसरली की आपोआप परत येते. फायबर सरीला दाद देत नाही, पण गेलं की माणूस येईपर्यंत गेलेलंच असतं. म्हणून डिशचा पत्रा लगेच भंगारात देऊ नका. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री त्यावर दिसतं. जुनी छत्री त्या उपग्रहाकडे वळवून साधा बॉक्स लावून ठेवला तर नेट गेलेल्या दिवशी निदान बातम्या तरी बंद पडत नाहीत.

एअर फायबरबद्दल

जिथे वायर पोहोचत नाही तिथे ५जीवर चालणारं एअर फायबर देतात. छपरावर एक डबी बसते आणि ती टॉवरकडे तोंड करून असते. पावसाने हिचं फारसं बिघडत नाही. ओल्या पानांनी बिघडतं. डबी आणि टॉवर यांच्यामध्ये फणस, आंबा किंवा माडाची रांग असेल तर एप्रिलमध्ये मिळालेला वेग जुलैत मिळत नाही. त्यामुळे एअर फायबरची चाचणी उन्हाळ्यात घेऊन वर्षाचे पैसे भरू नका. घ्यायचीच असेल तर पाऊस स्थिरावल्यावर घ्या आणि शक्य असेल तर ती गणपतीपर्यंत चालू द्या. चाकरमानी आले की एकेका वाडीत माणसं दुप्पट-तिप्पट होतात. सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर असतात आणि तुमचा टीव्हीही. त्या पाच दिवसांत जे टिकलं ते वर्षभर टिकेल. किनाऱ्यावरच्या गुहागर, मालवणसारख्या गावांना मे महिन्यातली पर्यटकांची गर्दीही तेवढीच जड जाते.

चिऱ्याच्या भिंती

जांभ्या चिऱ्याची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ओल धरते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असलं तरी अशा भिंतीतून त्याचा जोर पटकन संपतो. २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं, पण वेग कमी. यंत्र पडवीत, टीव्ही माजघरात आणि मध्ये दोन भिंती, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी आहे आणि 'नेट चांगलं आहे, टीव्ही अडकतो' या तक्रारीचं मूळही बहुतेक वेळा तिथेच असतं. कंपनी बदलून हे सुटत नाही. वाशांवरून एक लॅन केबल टीव्हीपर्यंत ओढली की सुटतं. पुष्कळ टीव्हींचं लॅनचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, आणि तेवढं भरपूर झालं. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे १०८०पी (फुल एचडी) चित्राला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस लागतात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन टीव्हीपाशी ४ एमबीपीएस मिळत असतील, तर महागडा प्लॅन तुमच्या काही कामाचा नाही.

वेग मोजायचा तो टीव्हीपाशीच. यंत्राशेजारी मोबाइल धरून काढलेला आकडा जोडणीवाल्याच्या कामाचा असतो, तुमच्या नाही. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा, किंवा टीव्हीच्या जागी उभं राहून मोबाइलवर. सकाळी, दुपारी आणि रात्री साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये. रात्रीचा आकडा दुपारच्या निम्म्याहून खाली घसरत असेल तर गावात जोडण्या जास्त आणि मागची लाइन कमी असा त्याचा अर्थ. मोजून झालं की वीस मिनिटं एकच एचडी चॅनेल सलग बघा. अ‍ॅप असेल तर नेट मंदावलं की ते चित्र थांबवत नाही, आधी त्याचा दर्जा उतरवतं. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसायला लागले, क्रिकेटच्या मैदानावरचं गवत एकसलग हिरवं झालं, की समजा चकरी फिरायची वेळ जवळ आली.

बातम्यांची पट्टी

आता एक अशी खोड, जी कंपनीचा माणूस कधी सांगत नाही आणि घरातल्यांना 'काहीतरी खटकतंय' एवढंच जाणवतं. कुठल्याही मराठी बातम्यांच्या चॅनेलवर खालून सरकणारी पट्टी बघा. अक्षरं लोण्यासारखी सरकायला हवीत. ती ठेचा खात, थबकत सरकत असतील तर दोष नेटचा नाही. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ५० अर्धचित्रं, या हिशेबाने होतं. बॉक्स मात्र बऱ्याचदा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, सेट करून दिलेला असतो. ५० चं ६० करताना काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात आणि पट्टी अडखळते. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी ५० हर्ट्झ निवडा. अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर टीव्ही असेल तर चित्राचा वेग मूळ व्हिडिओशी जुळवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि डोळ्यांना लगेच आराम पडतो. हे करूनही पट्टी अडखळली तर कंपनी प्रवाहच कमी दर्जाचा पाठवते आहे. तो दोष घरात दुरुस्त होणारा नाही.

लाईट गेल्यावर

मुख्य खटका बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि चालू करा. यंत्र उभं राहायला दोन ते चार मिनिटं, बॉक्सला आणखी एक-दोन मिनिटं लागतात, हे चालण्यासारखं आहे. बघायचं ते पुढचं. बॉक्स आपोआप शेवटच्या चॅनेलवर येतो का? की जाहिरातींनी भरलेल्या पानावर थांबतो? की पुन्हा लॉगिन मागतो? लॉगिन मागणारा बॉक्स गावच्या घरात ठेवण्याजोगा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. जोडणी मुलाच्या नावावर असते, नंबर मुलाचा, मुलगा डोंबिवलीत, आणि ओटीपी तिकडे जातो. तो लोकलमध्ये असताना इकडे म्हातारी माणसं बंद पडद्याकडे बघत बसतात. नाव मुलाचं ठेवा, पण नोंदणीचा मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. अर्ज भरतानाच हे होतं, नंतर बदलायला खेपा पडतात. मुंबईचं नेटफ्लिक्स खातं गावच्या टीव्हीवर चालवायचा बेत असेल तर तोही मोफत महिन्यातच करून बघा. एका घराचं खातं दुसऱ्या घरात वापरण्यावर कंपनीने जुलै २०२३ पासून भारतातही निर्बंध आणले आहेत.

यंत्राला वीज फार लागत नाही. बहुतेक यंत्रं १२ व्होल्टवर १ ते १.५ अँपियर घेतात, त्यामुळे राउटरसाठीचा छोटा यूपीएस पुरतो. घेताना अ‍ॅडाप्टरवरचा व्होल्ट-अँपियरचा आकडा आणि पिनेचा आकार जुळवून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर यंत्र आणि बॉक्स त्याच्याच बोर्डावर आणा. पण घरची सोय झाली म्हणजे काम झालं, असं नाही. घरोघरी फायबर देण्याच्या जीपॉन पद्धतीत खांबांवर कुठेही विजेची गरज नसते. जिथून उजेड सोडला जातो ते ओएलटी मात्र विजेवर चालतं. आपल्याकडे ते बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात किंवा केबलवाल्याच्या घरातच असतं. तिथली बॅटरी दोन तासांत संपली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही पडदा काळा. मोफत काळात महावितरणची लाईट गेली की घड्याळ लावा आणि यंत्रावरचा पॉनचा, म्हणजे ओएलटीशी जोडणी असल्याचा, दिवा बघत राहा. तो किती वेळ स्थिर राहतो तेवढा त्या गाळ्यातल्या बॅटरीचा दम. पॉन स्थिर आहे पण चॅनेल गेले, तर अडचण त्याहून मागे आहे. एलओएस लाल झाला, तर ओएलटी बंद पडलं किंवा वायर तुटली.

काय दिसतं, किती स्पष्ट दिसतं

'सातशे चॅनेल'मधले तुमचे दहा-बारा कोणते ते कागदावर लिहा आणि तेवढेच शोधा. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी एचडीत आहेत की साधे, ते बघा. पॅकमध्ये साधा चॅनेल देऊन एचडीला वेगळे पैसे लावणं सर्रास चालतं. ४३ इंची टीव्हीवर फरक उघड दिसतो.

नुसती अ‍ॅप घेऊन भागेल का? मराठी मालिका बघणाऱ्या घराला ते महाग पडतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. म्हणजे तीन वर्गण्या झाल्या. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्हज हे अ‍ॅप आहे. ते २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं.

प्लॅनसोबत 'अमुक अ‍ॅप मोफत' लिहिलेलं असतं, तिथे त्या अ‍ॅपचा कोणता प्लॅन आहे ते विचारा. मोबाइल प्लॅन टीव्हीवर लागतच नाही. नेटफ्लिक्सचा बेसिक टीव्हीवर लागतो, पण ७२०पीच्या वर जात नाही. आणि नेटफ्लिक्सची स्वतःची मोफत चाचणी नसते. कुणी तसं सांगून लिंक पाठवली तर ती उघडू नका.

बाजारातला स्वस्त, बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स आणून त्यावर अ‍ॅप चालवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी तपासा. अशा बॉक्सना पुष्कळदा वाइडव्हाइनचं (चित्राची चोरी रोखणाऱ्या कुलुपाचं) वरच्या स्तराचं एल१ प्रमाणपत्र नसतं, खालच्या स्तराचं एल३ असतं. मग नेट कितीही वेगवान असो, अ‍ॅप मुद्दामच धूसर चित्र देतं. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप आहे, ते हा स्तर दाखवतं. एल३ दिसलं तर बॉक्स दुकानदाराला परत करा.

डेटाचा हिशेब सोपा आहे. ५ एमबीपीएसचं चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला साधारण ३४० जीबी. फायबरच्या पुष्कळ 'अमर्याद' प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी असते, तिथे काळजी नाही. एअर फायबरला ती १००० जीबीच्या आसपास असते. एक टीव्ही त्यातही बसतो, दोन टीव्ही आणि चार फोन असतील तर बघावं लागतं. कंपनीचा स्वतःचा आयपीटीव्ही या मर्यादेत मोजतात की नाही, ते लेखी विचारून घ्या. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर टीव्ही चालवू म्हणणाऱ्यांना एचडी चित्र तासभरही पुरत नाही.

ते व्हॉट्सअ‍ॅपवालं पॅकेज

'दहा हजार चॅनेल, वर्षाला हजार-दीड हजार, २४ तास फुकट बघा.' यात पाठवतात ती एक लिंक, युजरनेम आणि पासवर्ड. कधी प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकायला लावतात. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर, जीएसटीचं बिल नाही, अर्ज नाही, ओळखपत्र नाही. हे चॅनेल चोरून पाठवलेले असतात, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो गुन्हा आहे. पहिले २४ तास चित्र सुरेख दिसतं, कारण नव्या गिऱ्हाइकाला मोकळ्या सर्व्हरवर ठेवतात. पैसे गेले की गर्दीच्या सर्व्हरवर टाकतात. मोठ्या सामन्यांच्या काळात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांनी असे पत्ते सामना चालू असतानाही बंद होतात, आणि विकणारा फोन उचलत नाही. बाहेरून टाकलेलं अ‍ॅप घरच्या वायफायवर काय करत असतं ते तर दिसतच नाही, आणि त्याच वायफायवर तुमचं बँकेचं अ‍ॅपही असतं. याची चाचणीसुद्धा घेऊ नये, एवढं आम्ही ठामपणे सांगतो.

मग घ्यावं काय

घरात म्हातारी माणसं असतील आणि थेट चॅनेल बघणं हाच मुख्य वापर असेल, तर फायबर आणि कंपनीचा स्वतःचा आयपीटीव्ही बॉक्स. रिमोटला आकड्यांची बटणं असलेला, चालू केल्यावर शेवटच्या चॅनेलवर येणारा. बाकी कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा या दोन गोष्टींना आम्ही जास्त गुण देतो. घर वर्षातून गणपती, शिमगा आणि मे एवढंच उघडत असेल तर वर्षाची जोडणी घेऊ नका. फ्री डिश ठेवा आणि आलात की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हवं ते अ‍ॅप लावा. होम-स्टे चालवणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत वेगळा बॉक्स लागतो की एकाच जोडणीवर जास्त बॉक्स मिळतात ते विचारावं, आणि व्यावसायिक जागेसाठी घरगुती प्लॅन चालतो का तेही. एअर फायबर फक्त तिथेच घ्यावं, जिथे छपरावरून टॉवर डोळ्यांना दिसतो.

पैसे आणि बाहेर पडणं

मोफत चाचणी सुरू करताना यूपीआय ऑटोपे किंवा कार्ड मागतात. एक-दोन रुपये कापून परत येतात, तो नुसता पडताळा असतो. खरी गोष्ट म्हणजे त्या वेळी तुम्ही दिलेली कायमची परवानगी. पिन टाकण्याआधी त्या पानावरच्या तीन गोष्टी वाचा: जास्तीत जास्त रक्कम, किती दिवसांनी कापणार, कधीपर्यंत. २९९ चा प्लॅन आणि परवानगी १५ हजारांची, असंही दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास संदेश यायला हवा. तो संदेश ज्या नंबरवर येतो तो फोन कोण बघतं, हे आधीच ठरवा.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. आधी सेवेच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा. मग ज्या यूपीआय अ‍ॅपवरून परवानगी दिली होती त्यात ऑटोपेच्या यादीत जाऊन तीही रद्द करा. दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. मुदत संपायच्या दोन दिवस आधी करा, शेवटच्या रात्री नाही, कारण गावात नेमकं त्याच रात्री नेट नसू शकतं. रद्द करण्याचा मार्ग लपवून ठेवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गैरप्रकारांमध्ये धरलेला आहे. बटण सापडत नसेल किंवा रद्द केल्यावरही पैसे गेले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

यंत्र आणि बॉक्स अनामतीवर दिलेले असतील तर ते परत देताना अ‍ॅडाप्टर, रिमोट आणि एचडीएमआय केबल मोजून द्या. दोन्हींचे सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवा. लाइनमन 'नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो' म्हणाला तर तिथेच, त्याच्यासमोर, बॉक्सच्या तळाचा सिरियल नंबराचा फोटो काढून त्याच्याच नंबरवर पाठवा.